पहिला ब्लाउज शिवून नेला, दुसऱ्याला बाई का येत नाहीत?

ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत गेल्या पाडव्याला बुटीक सुरू केलेल्या एका ताईंनी विचारलंय: "आठ महिन्यांत आसपासच्या टॉवरमधल्या 140 बायका शिवायला आल्या, त्यातल्या जेमतेम 30 परत आल्या. मी सगळ्यांशी गोड बोलते, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते, दुसऱ्या ऑर्डरला 10 टक्के सूट देते. नव्या गिऱ्हाइकाशी नातं जोडायला आणखी काय करू? दहा ब्लाउजवर एक फुकट, असं कार्ड काढू का?"

मी नौपाड्यात 27 वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. घरातल्या पायमशीनवर सुरुवात केली, आता गाळा आहे, चार कारागीर आहेत. तुमच्यासारखं बुटीक नाही माझं, ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यातला पडदा. पण या प्रश्नातून मीही गेले आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी आकड्याचं बघू, कारण तुम्ही 30 ला 140 ने भागून उगाच घाबरला आहात. ब्लाउज शिवायला कुणी दर महिन्याला येत नाही. आपल्याकडे बाई येते ती गौरी-गणपतीला, नवरात्र-दिवाळीला आणि लग्नसराईत. ऑक्टोबरात पहिल्यांदा आलेल्या बाईची परत यायची वेळच अजून झालेली नाही. बिलबुक काढा, जुलै-ऑगस्टमध्ये गौरींसाठी आलेल्या बायका वेगळ्या काढा आणि त्यातल्या दिवाळीला किती आल्या ते मोजा. निम्म्या आल्या असतील तर तुमचं बरं चाललंय असं मी म्हणेन. फार कमी आल्या असतील तर पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात गोड बोलणं आहे, मेसेज आहेत, सूट आहे. ब्लाउज कुठेच नाही. तुम्हाला वाटतंय बाईला तुमच्याशी जवळीक वाटत नाही म्हणून ती येत नाही. माझ्या मते तिची भीती गेलेली नाही म्हणून येत नाही. विचार करा, वाण्याकडची डाळ खराब निघाली तर पुढच्या वेळी दुसरीकडून घेता येते. साडीबरोबरचा ब्लाउजपीस मात्र एकच असतो, साधारण 80 सेंटिमीटरचा, आणि एकदा कात्री लागली की संपलं. साडी आईने दिलेली असेल, नाहीतर पहिल्या पगाराची. ती अनोळखी बाईच्या हातात देताना पोटात गोळा येतोच. ही भीती कमी होत गेली की जे उरतं त्यालाच मी नातं म्हणते. "कशा आहात" विचारल्याने ती कमी होत नाही.

हेही सांगते की माझं सगळं तुम्हाला लागू पडणार नाही. नौपाड्यात बाई भाजी घ्यायला निघते, वाटेत डोकावते, सासूला घेऊन येते, मोलकरणीच्या हाती पिशवी पाठवते. तुमच्याकडची बाई ऐरोली नाहीतर पवईच्या ऑफिसातून घोडबंदरची कोंडी पार करून साडेआठला घरी येते. तुम्ही आठला शटर ओढत असाल तर तुमचं निम्मं गिऱ्हाईक बंद दार बघून जातंय, आणि याला कितीही गोड बोलून इलाज नाही. मी तुमच्या जागी असते तर सोमवारी बंद ठेवून रविवारी दिवसभर उघडलं असतं आणि आठवड्यात दोन दिवस साडेनऊपर्यंत बसले असते. एवढं करूनच काही महिने बघा.

आता पहिली भेट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

नवीन बाईचा फोन आला की मी तिला दोन ब्लाउज घेऊन यायला सांगते. एक सगळ्यात आवडता, आणि एक जो शिवून आणला पण कपाटात पडून आहे. आवडत्यापेक्षा पडून असलेल्याकडून मला जास्त कळतं. बाई नुसतं "बसत नाही" म्हणते. मी तो घालायला लावते आणि हात वर करायला सांगते. बहुतेक वेळा गडबड मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत असते. बाईने "काखेत घट्ट होतो" म्हटलं की नवीन शिंपीण मुंढा खोल कापते. खोल मुंढ्याने काखेत मोकळं वाटतं खरं, पण हात वर केला की बाही अख्ख्या ब्लाउजला वर ओढते. ठाण्याहून रोज लोकलने जाणारी शिक्षिका किंवा बँकेतली बाई डब्यात कडी धरून तासभर उभी असते. तिच्यासाठी मुंढा वरच ठेवायचा आणि मोकळेपणा बाहीच्या घेरात द्यायचा. हे तिला बोलून दाखवा. "तुम्ही लोकलने जाता ना, मग मुंढा मी असा ठेवते." या एका वाक्याने तिला कळतं की तुम्ही तिच्यासाठी शिवताय. पर्सनल सर्व्हिस म्हणतात ती मला तरी एवढीच माहीत आहे.

माप स्वतः घ्या आणि स्वतःच लिहा. कित्येक दुकानांत एक जण टेप धरतो आणि "छाती चाळीस, कंबर छत्तीस" असं ओरडून दुसऱ्याला लिहायला सांगतो, बाकावर चार गिऱ्हाइकं ऐकत असतात. त्या बाईचा चेहरा बघा एकदा. मापाचा आकडा माझ्या दुकानात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. "वजन वाढलंय वाटतं" हे तर चेष्टेतही नको. खांदे बहुतेकींचे सारखे नसतात, रोज एकाच खांद्यावर पर्स लटकवणाऱ्यांचे हमखास नाही. पाव-अर्धा इंचाचा फरक वहीत लिहायचा, कटिंगमध्ये सांभाळायचा, तिला "तुमचा खांदा वाकडा आहे" सांगायची गरज नसते. आणि ब्लाउजखाली रोज जे घालते तेच घालून ये म्हणावं. त्यात बदल झाला की छातीचं माप आणि टक्सची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्यांची जागा दोन्ही हलतात, आणि दोष आपल्या माथी येतो.

कापड तिच्यासमोर मोजा. लांबी बिलावर लिहा, डाग किंवा विरलेला धागा असेल तर तेव्हाच दाखवा. सुती कापड आणि अस्तर भिजवून, वाळवून मगच कापते हे तिला सांगा. दोन धुण्यांनंतर अस्तर आकसून वरचं कापड फुगलं तर तिला ते शिंपिणीचंच काम वाटणार, आणि खरंच ते आपलंच असतं. उरलेलं कातरण पुडीत बांधून परत द्या, चार बोटं असलं तरी. कापड मारलं ही शंका आपल्या धंद्याला पिढ्यान् पिढ्या चिकटलेली आहे.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला राग येईल. पहिल्यांदा आलेल्या बाईकडून पाच ब्लाउज घेऊ नका. तिने पिशवी रिकामी केली तरी त्यातला सगळ्यात साधा, सुती एक घ्या आणि म्हणा, "हा घालून बघा, मग बाकीचे." धंदा हातचा सोडल्यासारखं वाटतं. पण पाचही एकाच चुकीच्या मापाने शिवले तर पाच उसवायचे आणि बाईही गेली. लग्नघरचं काम असेल, वेळ नसेल, तर एक आधी कच्चा टाचून ट्रायल घ्या आणि मग बाकीचे कापा.

शिवताना बाजूच्या शिवणीत माया ठेवा. मी दोन्ही बाजूंना एक ते दीड इंच ठेवते आणि ब्लाउज देताना उलटा करून बाईला दाखवते, की बघा, उद्या अंग भरलं तर एवढं सोडता येईल. कापड कमी असेल आणि माया राहणार नसेल तर कापायच्या आधी सांगते. सॅटिन आणि नाजूक सिल्कचं आणखी वेगळं. तिथे माया असूनही उपयोग नसतो, कारण उसवलं की सुईची भोकं दिसतात. हेही आधीच सांगायचं. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

तारखेचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण गिऱ्हाईक तुटतं ते इथेच. नवीन बाईला नाही म्हणायला जीव होत नाही, म्हणून आपण "बघते, शनिवारी देते" म्हणतो. शनिवारी ती येते, काजं-हुकं बाकी असतात, ती बाकावर बसून राहते. त्यापेक्षा "गौरींच्या आधी नाही जमणार, दसऱ्याला देते" म्हटलेलं बरं. काही जणी जातात. जाऊ द्या. त्यातल्या काही पुढच्या वेळी महिनाभर आधी येतात.

तारीख देताना पंचांग आणि कारागीर दोन्ही बघावे लागतात. गणपती 2025 ला 27 ऑगस्टला होते, 2026 ला 14 सप्टेंबरला आहेत, कारण 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत. म्हणजे लग्नाची गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटणार, आणि नंतरच्या महिन्यात लेकी-जावयांच्या वाणाच्या साड्या येणार. कारागीर बंगालचे असतील तर ईदला किंवा पूजेला जातील, बिहार-यूपीचे असतील तर होळीला आणि छठला. गेले की ठरलेल्या दिवशी परत येतातच असं नाही. त्यांच्या जाण्याच्या तारखा मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवते आणि त्या बघूनच तोंडातून तारीख काढते. आणखी एक. पहिल्यांदा आलेल्या बाईचा ब्लाउज कुठल्या कारागिराने शिवला ते वहीत लिहा, पुढचाही त्यालाच द्या. हात बदलला की फिटिंग बदलतं. नगावर मजुरी घेणारा माणूस घाई करणारच, म्हणून नव्या गिऱ्हाइकाच्या नगाला मी थोडे जास्त देते.

चूक झाली तर काय, याचा माझा एक अनुभव. एका नव्या बाईंच्या पैठणीच्या ब्लाउजपीसमधून दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. बाहीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची गोलाई वेगळी असते, कापडाला सुलट-उलट बाजू होती, काठ खाली घ्यायचा होता, त्यामुळे फिरवून लावायचीही सोय नव्हती. कापणारी मीच. त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. राम मारुती रोडवर चार दुकानं फिरून जुळत्या रंगाचं सिल्क आणलं, दोन्ही बाह्या त्याच्या करून पैठणीचे काठ लावले, शिलाई घेतली नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, ब्लाउज नेला आणि परत कधीच आल्या नाहीत. अशा गोष्टींच्या शेवटी लोक "आणि त्या आजही माझ्याकडेच येतात" म्हणतात. माझ्या बाबतीत तसं घडलं नाही. तरीही फोन करायचाच. न्यायला आल्यावर काउंटरवर कळलं असतं तर त्यांना चुकीपेक्षा लपवाछपवीचा जास्त राग आला असता, आणि तो बरोबरच असता. तेव्हापासून कापड घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापते. काठामुळे जमत नसेल तर कात्री लावण्याआधी खडूने "उ" आणि "डा" लिहिते.

इथवर सगळं ब्लाउज हातात पडेपर्यंतचं झालं. तुमची गळती मला वाटतं त्याच्या पुढे आहे.

ब्लाउज नेल्यावर पाच-सहा दिवसांनी मी एक फोन करते. "कसा झाला ब्लाउज?" असं विचारत नाही, कारण त्यावर "छान झालाय हो" एवढंच उत्तर येतं. आपल्याकडे तोंडावर कुणी वाईट बोलत नाही, बाई फक्त दुसरीकडे जाते. म्हणून नेमकं विचारायचं. "हात वर केल्यावर खालून सरकतो का?" "वाकल्यावर मागचा गळा सुटतो का?" "दिवसभर घातल्यावर काखेत लाल झालं का?" मग मात्र ती थांबते आणि म्हणते, "हो, तेवढं जरा होतंय." हा फोन म्हणजे तुमचं सकाळचं गुलाबाचं फूल समजा. तेवढ्या वेळात रोज दोन फोन होतील.

मग तिला बोलवा आणि तिच्यासमोर करून द्या. बाजूची शिवण उसवून परत मारायला पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या दुरुस्तीचे पैसे घेऊ नका आणि सुस्कारेही टाकू नका. कारागिरालाही ताकीद द्या, कारण मशीनवरून आलेला "च्" बाईला बरोबर ऐकू येतो.

आणि काय बदललं ते त्याच क्षणी वहीत लिहा. मला सुरुवातीला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच होती. दुरुस्ती करून द्यायची, वहीत जुनंच माप राहायचं, आणि दुसरा ब्लाउज तीच चूक घेऊन जन्माला यायचा. पहिल्या चुकीला बाई माफ करते, तिला माहीत असतं की हात नवा आहे. दुसऱ्या ब्लाउजला तीच चूक म्हणजे आपण तिचं ऐकलंच नव्हतं. तुमच्याकडे परत आलेल्या तिसांपैकी तिसऱ्यांदा किती आल्या, तेही याच हिशेबाने बघा.

माझ्या वहीत एका बाईच्या पानावर असं लिहिलेलं असतं: "उजवा खांदा पाव इंच खाली. मागचा गळा 7 च्या वर नको. हुक पुढेच. नायलॉनच्या लेसने खाज येते. 12 मार्चला कंबर अर्धा इंच सोडली. कारागीर दुसरा मशीनवाला." मापाशेजारी तारीख हवीच, सहा महिन्यांनी माप परत घ्यायचं, बाळंतपणानंतर तर नक्की. कपड्याशी संबंध नाही असं मी काही लिहीत नाही. मुलीची दहावी, नवऱ्याची बदली असं टिपून ठेवून पुढच्या वेळी आठवल्यासारखं दाखवायचं, असा सल्ला देणारे भेटतील. मला ते पटत नाही. खरंच आठवलं तर विचारा, नाहीतर सरळ ब्लाउजचं बोला.

व्हॉट्सॲपचा ग्रुप केला असेल तर आजच बंद करा. सगळ्या बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कुणी कुणाला काय पाठवेल ते आपल्या हातात राहत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ती ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, म्हणजे ज्यांना तुम्ही हव्या आहात त्यांनाच. वर्षातून चार मेसेज पुरे: गौरींच्या ऑर्डर कधी बंद, दिवाळीच्या कधी, लग्नाच्या कधी, कारागीर गावाला कधी. फिटिंगचे फोटो मात्र विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, चेहरा कापूनसुद्धा नाही.

काही गिऱ्हाइकांना वेगळी वेळ द्यावी लागते. आजींची बोटं आखडलेली असतात, हुक लागत नाहीत, पण तसं सांगायचा संकोच असतो. मी विचारते, "पुढे मोठी टिचबटणं लावू का?" आणि वरून दाखवायला हुकपट्टी तशीच ठेवते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई लेकीबरोबर आल्या होत्या आणि दुकानात गर्दी बघून बाहेरूनच वळत होत्या. त्यांना दुपारी शटर अर्धं ओढून बोलावलं, अस्तरात पॅडसाठी मऊ सुती खिसा शिवला, टक्स दोन्ही बाजूंना वेगवेगळे घेतले. असं काम रेटकार्डात बसत नाही. मी नेहमीचीच शिलाई घेतली, कारण कमी घेतली असती तर त्यांना ती दया वाटली असती.

घरी जाऊन माप घ्यायचं की नाही, हे तुमच्या वेळेवर आहे. टॉवरमध्ये एकाच दुपारी तीन-चार घरं जमवता आली तर परवडतं. एका घरासाठी गेटवर नोंद, लिफ्ट, चहा यात दीड तास जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे मी पैसे न लावता जाते, बाकीच्यांना जाण्या-येण्याचं आधी सांगते.

सूट बंद करा असं मी म्हणेन. 10 टक्के कमी करण्यापेक्षा शिलाई, अस्तर, लटकन, फॉल-पिको सगळं पहिल्याच दिवशी बिलावर लिहून द्या आणि न्यायला येताना त्यात एक रुपया वाढवू नका. दहावर एक फुकटचं कार्ड काढायचं तर काढा, नुकसान नाही, पण दहा ब्लाउज व्हायला तिला तीन वर्षं लागतील आणि तोवर कार्ड हरवलेलं असेल. मी त्या छपाईच्या पैशांत चांगला आरसा घेतला असता, मागची बाजूही दिसेल असा. मागचा गळा बाईला स्वतः दिसला की अर्ध्या तक्रारी ट्रायललाच निघतात.

दुपारी दोन ते चार माझं दुकान शांत असतं, गोखले रोडला आलात तर या. येताना मापाची वही आणा, आणि परत न आलेल्यांपैकी कुणाचा शिवलेला ब्लाउज दुरुस्तीला म्हणून मिळाला तर तोही.